एका पलंगावर मावणारा पक्ष

लार्कफिल्डच्या हॉलला एक लहानसं स्वयंपाकघर आहे आणि त्यात कपबश्यांचं कपाट. कपाटाचं उजवं दार उघडलं की आतल्या बाजूला सुतारी पेन्सिलीनं लिहिलेले आकडे दिसतात. हॉल बांधल्यापासून ओटावाच्या संसदेसाठी जितक्या निवडणुका झाल्या, त्या प्रत्येकीत आमच्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, याची ती नोंद. पहिला रकाना निळ्यांचा: छत्तीस, अडतीस, पस्तीस, असं भरघोस पीक. दुसरा शहरवाल्यांचा, तीन नाहीतर चार. तिसरा सहकारवाल्यांचा. ही गोष्ट घडली तोवर त्यात नऊ निवडणुका एकाखाली एक फक्त दोनचा आकडा होता. पक्षांची खरी नावं लांबलचक आहेत, पण आमच्याकडे ती कुणी घेत नाही.

ही दोन मतं कुणाची, असं कधी कुणी विचारलं नाही. मतदान गुप्त असतं म्हणतात. शहरात असेल. चाळीस-बेचाळीस मतदारांच्या केंद्रावर काय गुप्त राहणार, कपाळ! एक मत वासिल पावलिकचं आणि दुसरं त्याच्या बायकोचं, परास्काचं. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन धान्य विकावं, रेल्वेवाल्यांच्या नाकात वेसण घालावी, या गोष्टी त्या दोघांनी तरुणपणी कुठल्याशा सभेत ऐकल्या आणि मनाला लावून घेतल्या, त्या कायमच्या.

रेल्वेकडच्या धान्यकोठारावर ट्रकांची रांग लागली की हालवर लिंडेम मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, "काय वासिल, तुमच्या पक्षाचं अधिवेशन कधी? की रोजच असतं, दिवा मालवला की?"

सगळे हसायचे. हालवर हा वासिलचा पश्चिमेकडचा शेजारी आणि निळ्यांचा पोलिंग एजंट. नऊ निवडणुका तो आणि सहकारवाल्यांचा एजंट वासिल मोजणीच्या टेबलाशी समोरासमोर बसत आले होते. "तुमचा अख्खा पक्ष एका पलंगावर मावतो," हे हालवरचं आवडतं वाक्य होतं. ते त्यानं किती वेळा वापरलं असेल याची गणती नाही.

एकदा परास्कानं ते ऐकलं. ट्रकच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "जागा आहे अजून, हालवर. ये तूही. पण पाय धुऊन यावं लागेल!"

त्या दिवशी रांगेतली माणसं इतकी हसली, की कोठारवाला वजन करायचं विसरला. हालवर कानापर्यंत लाल झाला होता. पुढं महिनाभर त्यानं पलंगाचं नाव काढलं नाही.

अशी ही परास्का फेब्रुवारीत गेली. जमीन दगडासारखी गोठलेली. दोन दिवस कोळसा पेटवून ठेवला, तेव्हा कुठं कुदळ चालली.

मातीनंतर रिवाजाप्रमाणे घरोघरीची भांडी वासिलच्या टेबलावर येऊन पडली. बटाट्याचं, कोंबडीचं, शेवयांचं, सगळं भट्टीत भाजलेलं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. तेरा भांडी होती. वासिलनं ती दोन आठवडे पुरवून पुरवून खाल्ली. मग सगळी घासूनपुसून एका खोक्यात भरली आणि रविवारी हॉलच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. ज्याचं त्यानं उचलावं. एवढ्या बर्फात बायांना त्याच्या घरापर्यंत हेलपाटा कशाला? आपण शहाणपणा केला असं त्याला वाटलं.

त्यानंतर त्याच्या घरी कुणी आलं नाही.

आमची माणसं वाईट नाहीत. पण इथं कुणाच्या घरी जायचं तर काहीतरी निमित्त लागतं. वासरू कुंपणाबाहेर गेलं, पाना हवा होता, भांडं राहिलं होतं, असं काहीही चालतं. नुसतं 'तू एकटा आहेस म्हणून आलो' असं म्हणायचं म्हणजे आमच्यापैकी निम्म्यांना ताप येईल. तेव्हा त्याच्या दारापुढून जाताना प्रत्येकानं ट्रकमधून हात हलवला, आणि वासिलनंही हलवला. मार्च गेला, पेरण्या झाल्या, गहू हिरवा झाला, पिवळा झाला. घर खायला उठायचं. कॅल्गरीचा मुलगा दर रविवारी फोनवर तेच म्हणायचा, "विकून टाका ना बाबा. इकडे या." वासिल म्हणायचा, "बघू." मग दोघं हवामानावर बोलायचे आणि फोन ठेवायचे.

फोनची गंमत सांगायला हवी. आमच्याकडे सात घरांत मिळून एकच तार. कुणाचाही फोन आला तरी सातही घरांत घंटी वाजते, आणि कुणीही उचलून ऐकू शकतं. वासिल उन्हाळ्यात दुसऱ्यांचे फोन उचलायला लागला. बोलायचा नाही, नुसता ऐकायचा. लोणच्याचं प्रमाण, कुणाच्या गुडघ्याचं दुखणं, काहीही. आपण ऐकतो हे कुणाला कळत नाही असं त्याला वाटायचं. पण त्याच्या स्वयंपाकघरातलं परास्काचं भिंतीवरचं घड्याळ भलतं ठणठणीत होतं. त्यानं फोन उचलला की तारेवर टिक टिक सुरू व्हायची. सहाही घरं ती टिकटिक ओळखत होती. बायका जरा मोठ्यानं बोलायच्या, जरा जास्त वेळ बोलायच्या. पण "वासिल, कसे आहात?" असं एकीनंही विचारलं नाही. त्याला ओशाळवाणं वाटेल म्हणून.

सप्टेंबरात, ऐन कापणीत, निवडणूक जाहीर झाली.

वासिलनं रेडिओवर ऐकलं आणि कापणीयंत्र थांबवून तो तसाच बसून राहिला. सहकारवाले जिंकतील अशी आशा त्याला कधीच नव्हती. त्यांचा उमेदवार दीडशे मैलांवरचा एक शाळामास्तर होता, तो लार्कफिल्डला फिरकलाही नसता. वासिलच्या डोळ्यांपुढं आलं ते कपाटाचं दार. नऊ वेळा दोन, आणि दहाव्यांदा एक. स्मशानात परास्काच्या नावाचा दगड होता, तो त्यानं सोसला होता. पण त्या दारावर हालवरच्या हातानं एक लिहिलं जाणार, आणि पुढं कपबश्या काढताना जो तो ते बघणार, हे त्याच्यानं सोसवेना. त्याला मनापासून वाटलं, की तिसऱ्या रकान्यात दोन राहिले पाहिजेत. कुठूनही आणायला लागले तरी चालतील.

म्हणजे एक मत मिळवायला हवं होतं. जन्मभर राजकारण केलेल्या माणसाला एक मत म्हणजे काय मोठं! पण वासिलनं कधी कुणाकडं मत मागितलं नव्हतं. मागायचं काम परास्काचं. तो मागं उभा राहून टोपी चोळत असायचा.

कापणी उरकल्यावर तो आधी क्लिफर्ड मॅकनीलकडं गेला. क्लिफर्ड आणि त्याची बायको एडना, तिशीतलं जोडपं. वासिलनं अंगणात ट्रक उभा केला, खाली उतरला, एक पाय बंपरवर ठेवला. इंजिन चालूच ठेवलं.

"काय म्हणता, मिस्टर पावलिक? झाली कापणी?" क्लिफर्डनं विचारलं.

"झाली. खालच्या तुकड्यात थोडी ओल होती."

"आमच्याकडंही. यंदा सुकवणीचं काम वाढणार."

"वाढणार."

दोघं आभाळाकडं बघत राहिले. एडना दारात येऊन उभी राहिली, हात पुसत. आतून ॲपल पायचा वास येत होता.

"निवडणूक आलीय," वासिल शेवटी म्हणाला.

"हो, आलीय खरी."

"परास्का असती तर..." एवढं बोलून त्यानं टोपी काढून चोळली. "म्हणजे, तिला आवडायच्या निवडणुका."

"हो ना," एडना म्हणाली. "फार आवडायच्या."

"बरंय. निघतो मी."

आता हे इंजिन. आमच्याकडं अंगणात आलेल्या माणसानं इंजिन बंद केलं नाही, तर तो घाईत आहे असं समजतात. त्याला आत या म्हणायचं नसतं, म्हटलं तर त्याची पंचाईत होते. आणि वासिलनं इंजिन चालू ठेवलं ते भीड म्हणून. उगाच त्यांना वाटायला नको, की म्हातारा आता ठाण मांडून बसणार. दोन्हीकडच्या सभ्यपणानं मधल्या मध्ये घात केला. तो ॲपल पायच्या वासासकट परत फिरला.

अशीच आणखी चार घरं झाली. सगळीकडं ओल, सुकवणी, आभाळ, आणि 'परास्का असती तर'. सगळीकडं इंजिन चालू. हालवरच्या फाटकापुढून तो दोनदा गेला, पण निळ्यांच्या एजंटकडं मत मागायचं म्हणजे कोल्ह्याकडं कोंबडी मागण्यासारखं. तो आत वळला नाही. घरी येऊन ताटावर बसला तेव्हा त्यालाच कळेना, आपण मत मागायला गेलो होतो की कुणीतरी 'आत या' म्हणावं म्हणून गेलो होतो.

मत काही मिळालं नाही, असं धरून तो मतदानाच्या दिवशी हॉलवर गेला. कोट घातला होता, तोच फेब्रुवारीतला. पडद्यामागं जाऊन त्यानं फुली मारली ती इतकी दाबून, की कागद फाटता फाटता राहिला.

संध्याकाळी सातला दार बंद झालं. म्युरिएल फेअरवेदर, आमची टपालबाई, दर वेळी केंद्राची अधिकारी असते. तिनं टेबलावर मतपेटी उपडी केली. एका बाजूला हालवर पेन्सिल जिभेला लावून बसला, दुसऱ्या बाजूला वासिल. नियमानं बाकीच्यांनी बाहेर थांबायचं असतं. पण बाहेर वारा सुटला होता आणि आत कॉफी उकळत होती, तेव्हा पंधरावीस जण स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभे होते. मधलं दार उघडंच होतं.

म्युरिएल एकेक मतपत्रिका उलगडून दोघांना दाखवायची आणि नाव वाचायची.

"निळे. निळे. शहर. निळे. सहकार."

ती फुली वासिलनं लगेच ओळखली. कागदावर वळ उठला होता. आपलं एक आलं, संपलं, असं मनाशी म्हणून त्यानं हात मांडीवर घेतले.

"निळे. निळे. सहकार."

वासिलनं मान वर केली. बारीक, नाजूक फुली होती. कुणाची का असेना. दोन झाले! त्यानं टेबलाची कड धरली. कपाटाचं दार तसंच राहणार होतं. मनातल्या मनात तो म्हणाला, झालं बरं का परास्का. आता उरलेले सगळे निळ्यांनी खुशाल न्यावेत.

"सहकार," म्युरिएल म्हणाली.

तिसरं. वासिल गोंधळला.

"सहकार. निळे. सहकार. सहकार."

हालवरची पेन्सिल थांबली. त्यानं चष्म्यावरून म्युरिएलकडं बघितलं. "पुन्हा दाखव ते."

तिनं दाखवलं. फुली होती, जागेवर होती. स्वयंपाकघरातली कुजबुज बंद पडली. मग एकामागून एक ते नाव यायला लागलं, आणि प्रत्येक वेळी दारातलं कुणीतरी आपल्या बुटांकडं बघायला लागलं. दहाव्या मतापाशी वासिलला सगळं समजलं. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. आभाळाकडं बघत आपण काय मागत होतो, ते पाचही घरांना कळलं होतं, आणि जिथं गेलो नव्हतो तिथंही. 'म्हाताऱ्याचं एकच मत पडायला नको, एक आपण देऊन टाकू, कुणाला कळतंय?' असं प्रत्येकानं आपापल्या मनाशी ठरवलं होतं. आणि तारेवर टिकटिक असते म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, हे तेवढं वासिलला ठाऊक नव्हतं.

"निळे सतरा," म्युरिएल शेवटी म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा राहिला नव्हता. "शहर तीन. सहकार एकवीस."

दारातून एडनाचा आवाज आला, हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेला. "क्लिफ, तू पण?"

"म्हणजे तू?" क्लिफर्ड म्हणाला.

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. आमचा रिवाज असा, की केंद्रावर ज्या पक्षाला जास्त मतं, त्याच्या एजंटनं कपाटावर आकडे लिहायचे. नऊ वेळा हालवरनं लिहिले होते. आता तो उठला आणि सुतारी पेन्सिल त्यानं वासिलपुढं ठेवली.

वासिल स्वयंपाकघरात गेला. माणसं बाजूला सरली. त्यानं कपाटाचं दार उघडलं. दोनांची ती उभी ओळ बघत तो बराच वेळ उभा राहिला. तिच्याखाली एकवीस लिहायचे होते. त्या एकवीसमध्ये परास्का कुठली? ते बारीक फुलीचं मत आता कुठं शोधायचं?

त्यानं पेन्सिल फडताळावर ठेवली आणि तो वळला. वासिल पावलिक चारचौघांत सलग सहा वाक्यं बोलला, ती तेवढ्याच एका वेळी.

"मला एकच पाहिजे होतं," तो म्हणाला. "एक. आणि तुम्ही वीस दिलीत. वीस जणांना माझी दया आली, आणि फेब्रुवारीपासून वीसांतलं एक माणूस माझ्या घरी येऊन बसलं नाही. इथं पडद्यामागं पेन्सिल दोरीला बांधलेली असते, फुली मारायला काय लागतं? माझ्याकडं कॉफी प्यायला माझ्या दारापर्यंत यावं लागतं."

एडनानं तोंडावर हात धरला. वासिलनं टोपी घातली आणि तो बाहेर पडला. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही लांब गेला.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर निकाल लागला. आमच्या मतदारसंघात निळ्यांचा खासदार बावीस वर्षं पक्का होता. तो अकरा मतांनी पडला. आणि निवडून कोण आलं, तर शहरवाल्यांचा एक वकील, ज्याच्या बुटांना खडीच्या रस्त्याची धूळ कधी लागली नव्हती. सहकारवाले नेहमीप्रमाणे तिसरे. फेरमोजणी झाली, न्यायाधीशांसमोर झाली, आणि अकराचे अकराच राहिले. लार्कफिल्डमध्ये कुणी एक शब्द बोललं नाही. ती अकरा मतं कुठं सांडली, हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि दोष कुणाला देणार? जो तो आपल्याच ताटात बघून जेवत होता.

वासिलकडं तर आता येणं आणखीच अवघड होऊन बसलं. आधी निमित्त नव्हतं, आता तोंड नव्हतं. नऊ दिवस त्याच्या फाटकातून कुणी आत आलं नाही. जाणारे ट्रक हात हलवायचे, तेही घाईघाईनं. त्यानं फोन उचलला की बोलणारे चपापून गप्प व्हायचे आणि "बरं, ठेवते" म्हणायचे. मग त्यानं फोन उचलणंही सोडलं. आपण असं बोलायला नको होतं, असं त्याला वाटायला लागलं. गप्प बसलो असतो तर निदान लोणच्याच्या गोष्टी तरी ऐकायला मिळाल्या असत्या. तो दुपारी परास्काच्या खुर्चीकडं पाठ करून जेवायचा, कारण समोर ती रिकामी दिसली की घास उतरत नसे.

दहाव्या दिवशी दुपारी बर्फ भुरभुरत होतं. अंगणात ट्रक आल्याचा आवाज आला. वासिल जागचा हलला नाही. कुणीतरी वाट चुकलं असेल, वळून जाईल.

इंजिन बंद झालं.

तो उठून खिडकीशी गेला. हालवर लिंडेम पायऱ्या चढत होता, चेहरा असा, की जणू उसनं नेलेलं कापणीयंत्र कुणी मोडून परत दिलंय. दार उघडल्या उघडल्या तो म्हणाला, "मी तुला मत दिलेलं नाही."

"माहीत आहे," वासिल म्हणाला.

"देणारही नाही. जिवंत असेपर्यंत नाही, आणि मेल्यावर तर नाहीच."

"मेल्यावर मत द्यायची चाल निळ्यांची. आमच्यात नाही."

"आत घेतोस का इथंच गोठवतोस मला?"

वासिल बाजूला झाला. हालवरनं बूट काढले, आत येऊन कोट खुर्चीवर टाकला आणि टेबलावर मूठ आपटली. "अकरा मतं, वासिल! अकरा! बावीस वर्षांची सीट गेली तुझ्या रडक्या तोंडापायी. माझ्या घरातसुद्धा फितुरी. इंगानं कबूल केलं काल. चाळीस वर्षं माझ्या शेजारी झोपणारी बाई! तुमचा पक्ष एका पलंगावर मावायचा, इथं माझ्या एकट्याच्या पलंगावर दोन पक्ष झोपायला लागलेत."

वासिलला हसू आलं. फेब्रुवारीपासून आलं नव्हतं, त्यामुळं ते खोकल्यासारखं निघालं. "कॉफी घेणार?"

"मग काय, नुसता भांडायला आलोय? कर."

कॉफी झाली. मग रेल्वेचं भाडं निघालं, गहू खरेदी करणारी सरकारी मंडळं निघाली, वासिलच्या शाळामास्तरांना गहू आणि बार्ली यांतला फरक कळतो का, हे निघालं. वासिलनंही काही बाकी ठेवलं नाही. दोघांनी एकमेकांच्या पक्षांची चाळीस वर्षांची पापं काढली. मधेच वासिल उठून तळघरात गेला आणि काकड्यांच्या लोणच्याची बरणी घेऊन आला. परास्कानं घातलेलं, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं. सात बरण्या उरल्या होत्या, आणि त्यानं एकीलाही हात लावला नव्हता. झाकण उघडलं तसा शेपूचा वास खोलीभर झाला.

"तू म्हणालास ते," हालवर काकडी चावत म्हणाला, "की कुणी आलं नाही. तू अंगणात येऊन कधी इंजिन बंद केलंस रे? आणि ती भांडी! खोक्यात भरून हॉलवर टाकून आलास. इंगा वाट बघत होती, भांडं न्यायच्या निमित्तानं जाऊ, घटकाभर बसू म्हणून. हिरव्या झाकणाचं होतं. ते रविवारी हॉलवर दिसलं तेव्हा तिला काय वाटलं असेल?"

"मला वाटलं, तुम्हाला हेलपाटा नको."

"हेलपाटाच तर पाहिजे होता, गाढवा!"

वासिलनं कपात बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे माझीच चूक."

"तुझी अर्धी. तुझं घड्याळ तारेवर ऐकू येतं, माहीत आहे? मी सगळा उन्हाळा ऐकलं. बोलायला काय झालं होतं मला? ती अर्धी माझी." हालवरनं तोंड पुसलं आणि नजर खिडकीकडं वळवली. "तू पेन्सिल ठेवून गेलास. दार तसंच कोरं ठेवता येत नाही. आकडे मी लिहिले."

"एकवीस?"

"वेडा आहेस का? खोटं मी लिहीत नाही. त्या वीसांतली मतं आमची आहेत, वाट चुकलेली. निळ्यांच्या रकान्यात छत्तीस लिहिले मी. शहर तीन. आणि तुझ्या रकान्यात दोन."

वासिलनं मनात बेरीज केली. जन्मभर मोजणीला बसलेला माणूस, त्याला वेळ लागला नाही. "चुकलास. माझं एकच होतं. वाट चुकलेली वीस. तुझ्याकडं सदतीस व्हायला पाहिजेत."

"एकोणीसच परत नेली," हालवर म्हणाला. "एक तिचं राहू दिलं."

वासिलनं तोंड फिरवलं. तो बराच वेळ चुलीकडं बघत बसला, आणि त्याच्या खांद्यांकडं हालवरनं मुळीच बघितलं नाही. उलट तो उठून घड्याळाची वेळ आपल्या घड्याळाशी जुळवून बघायला लागला. "पाच मिनिटं पुढं आहे हे," तो भिंतीला म्हणाला.

"तिनंच ठेवलं होतं पुढं," वासिल नाक ओढून म्हणाला. "माझ्यासाठी."

चार वाजून गेले, उजेड उतरायला लागला. हालवरनं बूट घातले. कोटाची बटणं लावता लावता तो परत टेबलाशी आला, आणि अर्धी उरलेली लोणच्याची बरणी त्यानं झाकण लावून काखेत मारली.

"ही मी नेतो. इंगाला आवडतं."

"ने."

दारात जाऊन त्यानं बरणी उलटी करून बघितली. बुडाला पांढरी पट्टी होती आणि परास्काच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, पावलिक.

"नाव आहे हिच्यावर," हालवर म्हणाला. "म्हणजे परत आणून द्यावी लागणार."

"द्यावीच लागेल," वासिल म्हणाला. "गुरुवारपर्यंत आण. मला लागते ती."

तळघरात तसल्या चाळीस बरण्या रिकाम्या पडल्या होत्या.